काजूच्या बागेतला बिनपंखी लाल किडा : नवीन प्रजाती आहे हे ठरवायचं कसं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला तुमच्या वडिलांची काजूची बाग आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळा ओढताना एका कुजक्या ओंडक्याखाली तुम्हाला साधारण दीड सेंटीमीटरचा, लाल पाठीचा, काळ्या पायांचा, पंख नसलेला किडा मिळाला. तो असॅसिन बग, म्हणजे दुसऱ्या प्राण्यांना सोंड टोचून शोषणारा शिकारी किडा आहे एवढं तुम्ही ओळखलंत. फोनवरचं ॲप कुळाच्या नावावर येऊन थांबलं, दोन जाणकारांनी ‘असा कधी बघितला नाही’ म्हटलं. किडा अजून बरणीत जिवंत आहे. आता ही नवीन प्रजाती असेल तर जाहीर कशी करायची आणि तिला आईचं नाव देता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

आईच्या नावाचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. देता येईल. त्याचे नियम खाली येतीलच. अवघड आहे ते पहिलं. किड्याच्या अंगावर तो नवीन असल्याची खूण नसते. नाव मिळालेल्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी तो ताडून बघायचा आणि त्यांपैकी कुणातच तो बसत नाही हे दुसऱ्याला पटेल असं दाखवायचं, हे खरं काम. किडा एका दुपारी सापडतो, या कामाला वर्षं लागतात. मी गेली अठ्ठावीस वर्षं बेळगाव, खानापूर आणि चंदगडच्या पट्ट्यात याच कुळावर काम करते आहे, त्यामुळे तुमच्या जागी मी असते तर कुठल्या क्रमाने विचार केला असता तेच लिहिते.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवू. शाळेच्या पुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात. तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला हे पाठ असेल. पण बोलताना सगळे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, मीही इथे तसंच म्हणते आणि जीनसला जीनस. गावात विचारलंत तर या किड्याला मराठीत ढेकूण आणि कन्नडमध्ये तिगणे म्हणतील, आणि त्यात फार चूक नाही. घरचा ढेकूण आणि हा, दोघं एकाच मोठ्या गणातले, दोघांची तोंडं टोचून शोषायची. याचं कुळ रेड्युविडी. जगभरात या कुळाच्या सुमारे ७,००० प्रजातींना नावं मिळाली आहेत. तमिळनाडूत पाळयंकोट्टैला आयुष्यभर या किड्यांवर काम केलेल्या डन्स्टन ॲम्ब्रोज यांनी २००६ साली भारताची यादी छापली, तिच्यात १४४ जीनस आणि ४६४ प्रजाती होत्या. तुमच्या किड्याला आधी या यादीतून पार पडायचं आहे, आणि मग यादीनंतर छापून आलेल्या सगळ्यातून.

पहिला प्रश्न कुणी सहसा विचारत नाही : हा पूर्ण वाढलेला आहे का? पंख नाहीत याचे दोन अर्थ होतात. एक, ही प्रौढ मादी आहे आणि तिच्या प्रजातीत मादीला पंखच येत नाहीत. दोन, हे पिल्लू आहे. असॅसिन बगला कोश नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाच अवस्थांतून वाढतं आणि शेवटची कात टाकली की प्रौढ होतं. पाचव्या अवस्थेतलं पिल्लू आकाराने जवळपास प्रौढाएवढं असतं, आणि रंग मात्र पुष्कळदा अगदी वेगळा. पिल्लांवरून नवीन प्रजातीचं वर्णन करायला बसलेले लोक मी पाहिले आहेत. ओळखायची साधी रीत सांगते. दहापट भिंग घ्या आणि पायाच्या अगदी टोकाकडचा, नखांच्या मागचा भाग बघा. पिल्लात तिथे दोन तुकडे दिसतात, प्रौढात बहुतेक वेळा तीन. मग पोटाचं टोक खालून बघा, प्रौढ मादीत तिथे स्पष्ट पट्ट्या दिसतात. छातीच्या बाजूने मागे आलेल्या चिमुकल्या पंखांच्या कळ्या असतील तर ते पिल्लूच, मग निवांत वाट बघा.

म्हणूनच सांगते, तो अजून मारू नका. पिल्लू असेल तर कात टाकेल आणि तुमच्या हाती प्रौढ येईल. कात फेकू नका, तीही वाळवून त्याच नगासोबत ठेवायची.

आता समजा ती प्रौढ मादी निघाली. कुजक्या ओंडक्याखाली, पावसाच्या तोंडावर, लाल-काळी आणि बिनपंखी. एवढ्यावरून माझं मन एक्ट्रिकोडिनी या उपकुळाकडे जातं. भिंगातून पाठीवर, छाती संपते तिथे असलेला छोटा त्रिकोण बघा. त्याच्या मागच्या कडेला दोन बारीक शिंगांसारखी टोकं असतील तर माझा अंदाज बरोबर. या उपकुळाचं खाणं एकच, वाणी, म्हणजे मिलिपीड. पहिल्या पावसात अंगणात, बांधावर, विहिरीच्या काठावर गोल वेटोळं करून पडलेल्या वाणी तुमच्या ओळखीच्या आहेतच. त्यांच्या अंगातून झोंबणारं, वासाचं द्रव येतं म्हणून बहुतेक प्राणी त्यांच्या वाटेला जात नाहीत. हे किडे मात्र त्यांच्यावरच जगतात. बरणीत एक वाणी सोडा आणि अंधार करा. तिने सोंड वाणीच्या दोन कड्यांमधल्या मऊ जागेत घातली, तर ॲपने सांगितलं नाही ते तुम्हाला एका रात्रीत कळेल.

आणि इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. या उपकुळात नर आणि मादी एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही. नर पंखवाला, सडपातळ, काळसर. मादी बिनपंखी, जाड, लाल. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लंडनला किंवा स्टॉकहोमला बसून, दूरवरून आलेल्या एकेका वाळलेल्या नगावर काम करणाऱ्या माणसाला हे कळायला मार्गच नव्हता. त्यामुळे एकाच प्रजातीच्या नराला एक नाव आणि मादीला दुसरं, असं घडलेलं आहे. हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. कणकुंबीच्या अलीकडे एका ओळखीच्या घराच्या परड्यातून मला अशीच एक लाल मादी मिळाली होती. तशाच आणखी दोन पुढच्या दोन पावसाळ्यांत मिळाल्या. कुठल्याच वर्णनात बसेनात. मी मापं घेतली, चित्रं काढली, लेखाचा मसुदा लिहिला, नावही ठरवलं. त्याच कपाटात, खालच्या खणात, दिव्यावर आलेले चार काळे नर वेगळ्या डबीत, वेगळ्या नावाखाली पडून होते.

चौथ्या पावसाळ्यात ऑगस्टमधली एक रात्र. पाऊस थांबून तास झाला असेल. परड्यातल्या जांभ्याच्या गडग्यावर टॉर्च फिरवत होते, आणि ओल्या दगडावर, शेवाळ्याला धरून, ती लाल मादी दिसली. तिच्या पाठीवर एका बाजूने कललेला तो काळा नर. मीलन चालू होतं. मी टॉर्चवर रुमाल धरून उजेड कमी केला आणि वीस मिनिटं तशीच उभी राहिले. दोघंही हलले नाहीत. नंतर दोन्ही एकाच बाटलीत घेतले आणि घरी येऊन खालच्या खणातली डबी वर काढली. नर तेच. त्यांना शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेलं होतं. मसुदा बाजूला ठेवला आणि त्याऐवजी त्या जुन्या प्रजातीच्या मादीचं पहिलं नीट वर्णन लिहिलं. मला आजही ते माझं चांगलं काम वाटतं. तुमच्या मादीचा नर कदाचित कुठल्या तरी कपाटात नाव घेऊन बसलेला असेल, हे धरूनच पुढे चला.

रंगाबद्दलही सावध राहा. लाल आणि काळा ही या कुळाची आवडती जोडी आहे आणि ती फसवते. आपल्याकडे ज्वारीच्या, भुईमुगाच्या रानात, माळावर दिसणारा ऱ्हायनोकोरिस मार्जिनॅटस घ्या. एकाच प्रजातीत पूर्ण काळे, लाल आणि दोन्ही रंग मिसळलेले नग मिळतात, आणि ते आपसांत वीण करतात. नुसत्या फोटोवरून कुणीही त्यांना तीन प्रजाती म्हणेल. वाळल्यावर लाल फिका पडून विटकरी होतो ते वेगळंच. म्हणून वर्णनात रंग लिहायचा जरूर, पण प्रजाती उभी करायची ती आकारावर : डोक्याचा डोळ्यांपुढचा भाग किती आणि मागचा किती, दोन डोळ्यांमधलं अंतर, मिशीच्या प्रत्येक भागाची लांबी, सोंडेच्या दिसणाऱ्या तिन्ही भागांचं एकमेकांशी प्रमाण, छातीच्या पाठीवरच्या ढालीचे पुढचा आणि मागचा असे दोन उंचवटे, काटे कुठे आणि किती, केस उभे की आडवे. ही मापं एका नगाची घेऊन भागत नाही. पाच-सहा नगांची घेतलीत की प्रजातीच्या आतच किती फरक पडतो ते कळतं, आणि मगच बाहेरच्याशी असलेला फरक खरा की नाही ते सांगता येतं.

शेवटचा निकाल मात्र बहुतेक वेळा नराच्या पोटाच्या टोकाशी लागतो. तिथे एक वाटीसारखी कुपी असते, तिला पायगोफोर म्हणतात. तिच्या दोन बाजूंना आकड्यासारखे दोन अवयव, मागच्या काठावर मधोमध एखादा काटा किंवा दुभंगलेलं टोक, आणि आत घडी घालून ठेवलेलं जननांग. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन नर इथे वेगळे निघतात, आणि बाहेरून वेगळे वाटणारे इथे तंतोतंत सारखे. पद्धत अशी. वाळलेला नर झाकणाच्या डबीत ओल्या कापसावर एक रात्र ठेवायचा, म्हणजे सांधे मऊ होतात. मग बारीक सुईने कुपीभोवतीचा पडदा सोडवत ती अलगद काढायची. दहा टक्के केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात काही मिनिटं गरम करायची. आतलं मांस विरघळून जातं आणि कडक भाग तेवढे उरतात. पाण्याने दोन-तीनदा धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली चारही बाजूंनी चित्र काढायचं. काम झालं की ती कुपी ग्लिसरीनसकट चिमुकल्या नळीत घालून त्याच किड्याच्या टाचणीला खाली लावायची. ती नळी हरवली तर प्रजातीचा पुरावाच हरवला म्हणून समजा. हे घरच्या टेबलावर पहिल्यांदा करू नका. पहिले दहा-बारा प्रयोग शेतातल्या नेहमीच्या प्रजातींवर करा, हात बसला की मग दुर्मीळ नगाला हात लावा.

नरच मिळाला नाही तर? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. त्या जीनसमधल्या इतर प्रजाती मादीवरूनच ओळखल्या जात असतील आणि तुमची मादी ठळकपणे वेगळी असेल, तर मादीवरून वर्णन करता येतं. नियमाला एक नग पुरतो. पण एक्ट्रिकोडिनीत एकट्या मादीवर नवीन नाव द्यायचं धाडस मी करणार नाही, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही करू देत नाही.

ताडून कुणाशी बघायचं, हा पुढचा प्रश्न. भारतातल्या या किड्यांचं जुनं मूळ काम डिस्टंट या इंग्रज कीटकशास्त्रज्ञांचं. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरच्या मालिकेत ढेकूण आणि तुडतुड्यांच्या गटाचे त्यांचे सात खंड १९०२ ते १९१८ या काळात निघाले. जुनी पुस्तकं आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण त्यातली वर्णनं पाच-सात ओळींची, रंगावर भर असलेली, आणि नराच्या कुपीचा पत्ता नाही. त्यामुळे मूळ नगापर्यंत जावंच लागतं. डिस्टंट यांचे नग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, त्यांच्याआधी अशीच वर्णनं करणाऱ्या स्टोल यांचे स्टॉकहोमला, फॅब्रिशियस यांचे कोपनहेगनला, आणि आपल्याकडचा मोठा साठा कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे. तिथल्या संग्रहपालांना नेमका प्रश्न विचारून पत्र लिहिलंत, म्हणजे ‘अमुक प्रजातीच्या मूळ नगाचा त्रिकोण वरून आणि पोटाचं टोक मागून, असे दोन फोटो हवेत’, तर उत्तर येतं. ‘हा कोणता किडा आहे?’ असं विचारलंत तर बहुतेक येत नाही. जगभरच्या प्रजातींची माल्डोनाडो काप्रिलेस यांची १९९० ची सूचीही हाताशी ठेवा. कोणतं नाव कुणी, कुठे, कधी दिलं याचा माग तिथून काढता येतो.

या जुन्या नगांची लेबलं वाचताना आपल्या सीमाभागातल्या माणसाने जास्त सावध राहायला हवं, आणि खरं तर आपणच ती नीट वाचू शकतो. १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे जुन्या लेबलवर ‘बेळगाव जिल्हा’ असेल तर तो नग आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातलाही असू शकतो. आणि नुसतं ‘बॉम्बे’ लिहिलेलं असेल तर ते शहर की अख्खा इलाखा, हे ठरवायला गोळा करणाऱ्याचं नाव आणि तारीख बघावी लागते. २०१४ पासून इंग्रजीतही अधिकृत नाव बेळगावी झालं. म्हणून मी माझ्या लेबलांवर जुनं आणि नवं दोन्ही नावं लिहिते, गावाचं नाव गावकरी म्हणतात तसं लिहिते, आणि त्याखाली अक्षांश-रेखांश. राज्याच्या, जिल्ह्याच्या रेघा बदलतात, अक्षांश-रेखांश बदलत नाहीत.

‘हा फक्त इथेच सापडतो’ असंही घाईने लिहू नका. तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधल्या वटवाघळाचं वर्णन ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली केलं. राउटन यांचं नाव मिळालेलं हे वटवाघूळ कित्येक दशकं जगात फक्त त्या गुहांतच राहतं असं मानलं जात होतं. पुढे ते मेघालयात सापडलं, कंबोडियातही. एवढा मोठा, उडणारा प्राणी नजरेतून सुटतो, तर पाल्याखालच्या दीड सेंटीमीटरच्या किड्याची काय कथा. याच कारणाने मी गावाच्या नावावरून प्रजातीचं नाव ठेवायला फार उत्सुक नसते. आज जांबोटीचं नाव दिलं आणि उद्या तीच प्रजाती सिरसीत भरभरून निघाली, तर नाव चुकीचं ठरत नाही, पण वाचणाऱ्याची दिशाभूल करत राहतं.

आता कायद्याचं, थोडक्यात पण नीट. स्वतःच्या बागेत असले किडे बघणं, फोटो काढणं, पाळणं यात सहसा अडचण नाही. पण बागेचं कुंपण ओलांडून राखीव जंगलात किंवा भीमगड अभयारण्यात गेलात, तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही नग उचलू नका. चोर्ल्याकडे तर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशा तिन्ही राज्यांच्या हद्दी भिडतात, आणि एका राज्याची परवानगी दुसऱ्यात चालत नाही. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ नुसार नवीन प्रजाती सापडली की तिची माहिती नेमलेल्या संग्रहसंस्थेला द्यावी लागते आणि नग तिथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही तशी संस्था आहे, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, आपल्याला तेच सोयीचं. नग पाकिटात घालून परदेशी तज्ज्ञाला पाठवायचा मोह होईल, पण चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांत बसतंय का हे बघितल्याशिवाय तसं करू नका. फोटो पाठवा, ते पुष्कळदा पुरतात.

नावाकडे येते. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे नाव रोमन लिपीत हवं, ‘ही नवीन प्रजाती’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, इतरांपासून वेगळेपणा शब्दांत सांगितलेला हवा, आणि एक मुख्य नग, म्हणजे होलोटाइप, ठरवून तो कुठल्या संग्रहात आहे हे लिहिलेलं हवं. लेख फक्त इंटरनेटवर निघणार असेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी लागते. नाव देण्याचा हक्क वर्णन लिहिणाऱ्यांचा. म्हणजे तुम्ही लेखाचे सहलेखक असाल, किंवा लेखकांनी तुमचं ऐकलं, तर आईचं नाव देता येतं. स्त्रीच्या नावापुढे लॅटिन षष्ठीची ए आणि ई ही दोन रोमन अक्षरं येतात, पुरुषाच्या नावापुढे आय. त्याच जीनसमध्ये तेच नाव आधी कुणी वापरलेलं नसावं, एवढं तपासायचं. कुणी सांगेल की किड्याला आईचं नाव कशाला. माझ्या मते त्याहून मोठे मान थोडेच आहेत. नियमाने छापलेलं नाव आपण गेल्यावरही दप्तरी राहतं.

आणि म्हणूनच कळकळीने सांगते, घाई करू नका. पैसे भरले की चार दिवसांत छापणारी नियतकालिकं खूप झाली आहेत. नियमाच्या किमान अटी पुऱ्या केल्या असतील तर तिथे छापलेलं नावसुद्धा वैध ठरतं, आणि चुकीचं निघालं तरी पुसता येत नाही. दुसऱ्या नावाचं पर्यायी नाव म्हणून ते सूचीत कायम राहतं आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ते पुन्हा सोडवत बसावं लागतं. झूटॅक्सा, झूकीज, किंवा आपल्याकडचं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, अशा ठिकाणी तपासणारे तज्ज्ञ चार चुका दाखवतात, त्यातल्या दोन तरी खऱ्या असतात. लेख निघेपर्यंत वर्तमानपत्राला नाव सांगू नका. वर्णनाशिवाय बाहेर पडलेल्या नावाला मान्यता नसते आणि गोंधळ मात्र उरतो.

डीएनएबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घेणं उपयोगाचं आहे, आणि आपल्या बाबतीत त्याचा सगळ्यात मोठा उपयोग नर, मादी आणि पिल्लू एकाच प्रजातीचे आहेत का हे जुळवण्याचा. मीलन बघायला मिळेलच असं नाही, तिथे हे हाताशी येतं. पण ‘डेटाबँकेत जुळणी मिळाली नाही’ याचा अर्थ ‘नवीन आहे’ असा होत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या, नाव असलेल्या प्रजातींचे क्रम तिथे कुणी टाकलेलेच नाहीत.

आतापर्यंतचं एका दमात : आधी प्रौढ आहे का ते बघा, मग उपकुळ, मग नर शोधा, मग मापं आणि कुपी, मग जुन्या नगांशी तुलना, आणि या सगळ्यातून तो वेगळाच राहिला तर नाव.

आज तुम्ही काय करायचं ते सांगते. बरणी रुंद तोंडाची घ्या, तळाला बागेतलीच दमट माती आणि सालीचा तुकडा, तोंडाला पातळ कापड. नुसत्या हाताने धरू नका. याचा डंख गांधीलमाशीसारखा पेटतो. लागलाच तर साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवा, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर थेट डॉक्टरांकडे. चिमट्याने अलगद धरलात तर कान जवळ नेऊन ऐका. बारीक चिर्र चिर्र ऐकू येईल. सोंडेचं टोक तो छातीखालच्या खाचेत घासतो, आणि त्या खाचेत कानशीसारख्या आडव्या रेघा असतात. वही करा : कोणती वाणी खाल्ली, किती वाजता, किती वेळ शोषत होती, अंडी घातली तर कुठे आणि किती, पिल्लं कधी निघाली, प्रत्येक कात कुठल्या तारखेला. वर्णनाच्या लेखांत नेमका हाच भाग कोरा असतो, कारण संग्रहात काम करणाऱ्यांना जिवंत किडा दिसतच नाही. तुम्ही रोज बागेत जाता. हे तुमच्याइतकं चांगलं मला बेळगावात बसून जमणार नाही.

ती आपणहून मेली की टाचणी त्या त्रिकोणात, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे टोचा, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. त्याआधी एक मधला पाय काढून ९५ टक्के अल्कोहोलच्या नळीत टाका आणि नळी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. तुमच्याकडचा पाऊस बघता डबीला आठवड्यात बुरशी येईल. पावसाळाभर कपाटात ४० वॉटचा एक बल्ब लावून ठेवा, डबीत डांबरगोळी बांधून ठेवा. लेबल त्याच दिवशी लावा, पेन्सिलीने किंवा न पसरणाऱ्या शाईने : राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, काजूची बाग, कुजक्या ओंडक्याखाली, आणि तुमचं नाव.

बागेत सहज आणखी एक करता येईल. पालवी आणि मोहोर येतो त्या दिवसांत काजूवर ढेकण्या (टी मॉस्किटो बग ही कीड) पडतो आणि वडील फवारणीचा विचार करतात, तेव्हा आधी एक फेरी मारा. पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयाने ढेकण्यावर जगणाऱ्या असॅसिन बगांची नोंद केली आहे, सायकॅनस कोलॅरिस त्यातला मोठा आणि सहज दिसणारा. झाडावरचे हे आणि जमिनीवरची तुमची लाल मादी, दोघंही एकाच फवाऱ्यात जातात. शक्य असेल तर त्या ओंडक्याच्या आसपासची दहा-बारा झाडं यंदा फवारणीतून वगळायला सांगा.

आणि तो ओंडका चुलीत जाऊ देऊ नका. जागेवरच राहू दे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडला की रात्री नऊनंतर टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून तिथेच जा. ओंडक्याची खालची बाजू बघा, मग आजूबाजूचे दगड, मग घराच्या पडवीचा दिवा, कारण पंखवाले नर उजेडावर येतात. काळसर, सडपातळ, पाठीवर त्रिकोणाला दोन टोकं असलेला मिळाला तर मादीशेजारी वेगळ्या बरणीत ठेवा आणि दोघांचे फोटो मला पाठवा.